कपड्यांत लोकांना आधी काय दिसतं? एका ब्लाउजवालीचं उत्तर

प्रश्न असा आलाय: "पुढच्या महिन्यात भावाचं लग्न आहे आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी मी नव्या नोकरीत रुजू होतेय. दोन्हीकडे अनोळखी माणसं. लोक कपड्यांत पहिल्यांदा नेमकं काय बघतात? रंग, किंमत की ब्रँड? बजेट मोजकं आहे. एकाच गोष्टीवर खर्च करायचा तर कशावर करू?"

शिलाईवर करा. शिवणारीण आहे म्हणून असं सांगतेय, असं वाटेल तुम्हाला, आणि थोडं तसं आहेही. पण पुढचं वाचा, मग ठरवा.

डोंबिवलीत अठ्ठावीस वर्षं मी ब्लाउज शिवतेय. आधी घरातच खिडकीपाशी एक मशीन होतं, आता छोटा गाळा आहे आणि मदतीला तिघीजणी. काम बायकांचंच, पण लग्नसराईत त्यांच्यामागोमाग भाऊ, नवरे, मुलगे "जरा हे आत घेता का" म्हणत येतात, त्यामुळे कोट आणि शेरवान्याही हाताखालून जातात. इतकी माणसं आरशासमोर उभी राहिलेली पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. लोकांना आधी तुमचा कपडा दिसत नाही, कपड्याशी चाललेली तुमची झटापट दिसते.

ट्रायलला बाई पडद्याबाहेर आली की मी ब्लाउजकडे बघत नाही, तिच्या हातांकडे बघते. हात गळ्याशी गेला तर गळा पुढे झुकतोय. बोटं खांद्यावर गेली तर खांदा उतरतोय. दोन्ही हातांनी खालची पट्टी खाली ओढली तर पट्टी ठीक आहे, बाहीच्या जोडाकडचा मुंढा चुकलाय. तोंडाने "छान झालाय हो ताई" म्हणत असतानाच हात खरं काय ते सांगून टाकतात. लग्नात समोरच्यालाही हेच दिसतं. फरक एवढाच की त्याला कारण कळत नाही. त्याला वाटतं, ही मुलगी अवघडलीये.

हे मला एकदा स्वतःवरच कळलं. भाच्याची मुंज होती. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत गिऱ्हाइकांचे ब्लाउज संपवत बसले आणि माझ्या स्वतःच्या ब्लाउजची उजवी बाही कच्च्या टाक्यांवरच राहिली. जांभळं रेशीम, त्यावर पांढरा दोरा! लक्षात आलं तेव्हा रिक्षा दारात उभी होती. दिवसभर उजवा हात अंगाशी दाबून वावरले. पांढरा दोरा कुणाच्याही नजरेला पडला नाही. पण तिघांनी विचारलं, हाताला काय झालंय? एका मावशीने तर पर्समधून बाम काढून दिला.

मानसशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई माझ्याकडे येतात. हा किस्सा ऐकून त्यांनी मला एक प्रयोग सांगितला, तो मी पुढे कितीतरी नवऱ्यामुलींना सांगितलाय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला टीशर्ट घालायला लावायचा, म्हणजे त्या वयाच्या पोरांना लाज वाटेल असा, आणि इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवायचं. बाहेर आल्यावर विचारायचं, टीशर्टावर कोण आहे हे किती जणांना सांगता येईल? घालणाऱ्यांचा अंदाज निम्म्याच्या आसपास होता. प्रत्यक्षात पाव जणांनाही धड सांगता आलं नाही. म्हणजे आपल्याला जे डाचतं, त्यातलं अर्धंमुर्धंच बाहेर पोचतं.

मग काय, काहीही घाला? तसंही नाही. त्याच बाईंनी दुसरी बाजूही सांगितली. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ च्या अखेरीस छापलेल्या अभ्यासात लोकांना चेहरे दाखवले. चेहरे तेच, गळ्याखाली दिसणारे कपडे मात्र कधी जरा खात्यापित्या घरचे, कधी साधे. फोटो सेकंदाच्या आठव्या भागाइतकाच वेळ दिसत होता. कपड्यांकडे लक्ष देऊ नका असं बजावूनही 'श्रीमंत' कपड्यांतला चेहरा लोकांना जास्त कर्तबगार वाटला. हे अन्यायाचं आहे, मला ते मुळीच आवडत नाही. पण मुलाखतीला जाणाऱ्या मुलीपासून ते लपवून ठेवण्यात तरी काय अर्थ?

माझ्या धंद्याच्या कामी येणारा अभ्यास मात्र तिसराच. २०१३ साली इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या काही संशोधकांनी एकाच माणसाचे दोन सुटांतले फोटो लोकांना पाच सेकंद दाखवले, चेहरा पुसट करून. सूट दिसायला सारखेच, एक तयार विकत घेतलेला आणि एक मापाने शिवलेला. मापाच्या सुटातला माणूस लोकांना जास्त आत्मविश्वासू, जास्त यशस्वी आणि जास्त पगाराचा वाटला. विश्वासू मात्र वाटला नाही जास्त. बरोबरच आहे, ते काही सुईदोऱ्याचं काम नव्हे.

तर फिटिंग दिसतं. पण 'फिटिंग' हा शब्द आमच्याकडे फार ढिला वापरतात. बहुतेकींना त्याचा अर्थ 'घट्ट' असा वाटतो, आणि निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात. म्हणून मुंढ्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल. ट्रायलला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे "मुंढ्यात आवळतंय, सैल करा." घाईतला शिंपी काय करतो? कात्री घेऊन बगलेखाली आणखी कोरतो. उभं राहिल्यावर मोकळं वाटतं, बाई खूश होऊन घरी जाते. मग लग्नात मंगलाष्टकं सुरू होतात, अक्षता टाकायला हात वर जातो आणि सगळा ब्लाउज हाताबरोबर वर! कारण मुंढा जितका खाली कोराल तितकं बाही आणि अंग यांच्यामध्ये वटवाघळाच्या पंखासारखं कापड पसरतं. हात उचलला की ते पंख बाजूची शिवण वर खेचतं. उलट मुंढा बगलेलगत, थोडा वर ठेवला आणि बाहीला वरच्या गोलात पुरेसं कापड दिलं, तर हात फिरतो आणि ब्लाउज जागेवर राहतो. हे समजवायला मला दर सीझनला घसा कोरडा करावा लागतो, कारण ऐकायला ते उलटं वाटतं. वर असलेला मुंढा जास्त मोकळा कसा? पण घालून बघितलं की पटतं.

आणि एकदा खाली कोरलेला मुंढा परत वर येत नाही. कापड गेलं ते गेलं. फार तर बगलेत एक छोटा चौकोनी तुकडा जोडता येतो. जुने शिंपी बंडीला आणि सदऱ्याला बगलेत तसा तुकडा मुद्दाम घालायचे, त्यांना हे गणित पक्कं ठाऊक होतं. म्हणून मुंढा सैल करायला सांगण्याआधी दोन्ही हात वर करून बघा, मग ठरवा.

सुरकुत्या वाचायला शिकलात तर शिंप्याशी वाद घालावा लागणार नाही. तिरकी सुरकुती म्हणजे कापडाने दाखवलेलं बोट. तिच्या टोकाशी ताण असतो. छातीवरून बगलेकडे तिरक्या रेघा जात असतील तर टक्स, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या घड्या, चुकलेत किंवा तिथे कापड कमी पडलंय. आडव्या रेघा ताणलेल्या दिसल्या की घेर कमी. उभ्या घड्या लोंबल्या की घेर जास्त. आणि कुठेच रेघ नाही, पण गळा पुढे उघडा पडतोय, तर बहुधा खांदा रुंद ठेवलाय. पाठीमागे नाडी बांधून ते झाकायची पद्धत आहे, लटकन लावलं की फॅशन होते. मीही करते. पण मूळ चूक खांद्याचीच.

ब्लाउजच्या मधल्या भागाला नजर बरंच माफ करते. ती अडकते कडांवर. अंग संपून कापड सुरू होतं त्या जागा, म्हणजे गळ्याची कड, बाहीची कड आणि खाली पायाशी साडीची कड. गोऱ्या अंगावर गडद कापड असो की सावळ्या अंगावर फिकं, रंग बदलतो तिथे डोळा थांबतो. दोन्ही बाह्यांवरचा काठ समान उंचीवर नसेल तर समोरच्याला काय खटकतंय ते सांगता येणार नाही, पण खटकेल. खणाच्या ब्लाउजला मी कापड बेतायला बसते ते काठापासूनच. आधी दोन्ही बाह्यांना काठ सारखा आला पाहिजे, मग उरलेल्यात पाठ आणि पुढची बाजू. कापड अपुरं असेल तर जोड पाठीत पदराखाली जाईल अशा जागी घ्यायचा, बाहीला कधीही नाही.

आता साडी. साडीत लोक सगळ्यात आधी काय बघतात असं विचाराल तर पदर म्हणतील, आणि ते खोटंच आहे असं नाही. पदराचं काम मिरवायचं. पण माणूस दुरून चालत येतो तेव्हा साडी नीट नेसलीये की नाही हे कळतं खालून. निऱ्यांची खालची रेघ सरळ आहे का, मागे साडी वर चढलीये का, परकर डोकावतोय का. या तिन्हींचं उत्तर तीन साध्या गोष्टींत आहे. चप्पल किंवा सँडल आधी घालायची, मग साडी नेसायची. परकराची नाडी जिथे शेवटपर्यंत राहणार तिथेच, बेंबीच्या वर की खाली ते ठरवून, बांधायची. आणि परकर साडीपेक्षा दोन बोटं आखूड हवा, रंगाने साडीच्या जवळचा. पांढरा परकर सगळ्या साड्यांखाली चालवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. बसल्या की कळतं.

फॉलबद्दल मात्र थोडं थांबते, कारण इथे माझ्या हातून एक साडी गेलीये. धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी एका बाईंच्या नारायणपेठीला मी नवाकोरा सुती फॉल तसाच लावला. टाके बारीक, हातशिलाई, वरून काही दिसत नाही, मी आपली कौतुकात. पहिल्या धुण्यात फॉल आटला, साडी नाही. काठाला सगळीकडे बारीक चुण्या, जणू कुणी दोरा ओवून ओढलाय. उसवून दुसरा लावला, इस्त्री केली, पैसे परत केले, तरी काठ पहिल्यासारखा झाला नाही. तेव्हापासून फॉल आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करूनच लावते. तुमच्या साडीला फॉल लावायला देताना एवढं एक विचारा, "फॉल धुऊन घेतलाय ना?" समोरची व्यक्ती गोंधळली तर साडी परत घ्या. फॉलचं काम निऱ्यांना खाली वजन देण्याचं. त्यालाच चुण्या पडल्या तर हजाराची साडी आणि दहा हजारांची साडी सारखीच वेडीवाकडी पडते.

किंमत कोण बघतं? तुमच्या आत्या, काकू बघतात. त्या पदर उलटून मागची बाजू बघतील, आणि त्यांना चूक म्हणता येणार नाही. हातमागावरच्या येवल्याच्या पैठणीत नक्षीचे रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणतात, म्हणून पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात. पण हे बघायला माणूस हातभर अंतरावर यावा लागतो, पदर हातात घ्यावा लागतो. तुम्ही विचारलंत 'पहिल्यांदा' काय दिसतं. ही पाहणी पंगत उठल्यानंतरची.

पूर्वी नजर पहिल्यांदा डोक्यावर जायची, हे आता आपण विसरलोय. माझ्या आजोबांचा एक फोटो आहे, कपडे मळलेले पण टोपी कडक. पगडी, पागोटं, फेटा, टोपी यांवरून माणूस कुठला, कुठल्या समाजातला, कुठल्या विचाराचा हे लोक वाचायचे. बायकांचं तसंच लुगड्याच्या नेसणीवरून. कोळणीचं गुडघ्याशी घट्ट नेसलेलं लुगडं आणि पुण्याकडची ब्राह्मणी नऊवारी लांबूनच वेगळी कळायची. आता डोकं मोकळं झालं आणि नजर पायांकडे सरकली असावी, असं मला वाटतं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा अंगावरच्या कपड्यांबद्दल आपल्याकडे कोण बोललं? सगळ्यांनी आधी पायच पाहिले, आणि कंपनीला ही चप्पल कुठून आली ते मान्य करावं लागलं. तर चप्पल पुसून घाला. नवी नसली तरी चालेल, टाच झिजलेली नको.

रंगाचं थोडक्यात. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसतात. मॅचिंग ब्लाउजपीस घेताना कापड आणि साडी घेऊन दुकानाच्या दारात या. दुकानदार कुरकुरणार नाही, त्याला सवय असते. काळ्यावर काळं जुळवायला सगळ्यात अवघड, एक काळा उन्हात तपकिरी निघतो, दुसरा निळसर. नाही जुळलं तर सरळ विरुद्ध रंग घ्या. जवळपास जुळणारा रंग चूक वाटतो, पूर्ण वेगळा रंग निवड वाटतो.

ऑफिसकडे वळते. तुम्ही तयार कुर्ते किंवा शर्ट घेणार असाल तर खांद्यावरून घ्या, बाकी सगळं मागाहून. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे, खाली दंडावर नको. कंबर आत घेता येते, उंची कमी करता येते, बाही आखूड करता येते. खांदा उचलायचा म्हणजे बाही काढून, मुंढा नव्याने कापून परत लावायची. तेवढ्या पैशांत नवा कुर्ता येतो. आणि घेताना आतली शिवण उलटून माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, बघा. आम्ही ब्लाउजला बाजूला इंचभर तरी माया ठेवतो, पुढे अंग भरलं तर सोडता यावी म्हणून. तयार कपड्यात ती बहुतेक वेळा नखाएवढीच असते. म्हणजे असा कपडा फक्त लहान करता येतो, मोठा नाही. दोन मापांत अडकलात तर मोठं घ्या.

तयार माप तुम्हाला नीट का बसत नाही याचा दोष अंगाला देऊ नका. आपल्याकडची बरीचशी तयार मापं परदेशी तक्त्यांवरून बेतलेली आहेत. त्यासाठीच निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेने सहा शहरांत, त्यात मुंबईही होती, पंचवीस हजारांहून जास्त स्त्री-पुरुषांची मापं स्कॅनरने घ्यायचं काम हाती घेतलं. तशी मापं दुकानांत रुळेपर्यंत आमच्यासारख्यांची दुकानं चालणारच. मापाच्या चिठ्ठीवर 'मिडियम' असं मी कधी लिहिलेलं नाही, लिहिते ते आकडे.

बटणांच्या शर्टाला छातीवर दोन बटणांच्या मध्ये तोंड वासलेलं दिसतं, ते मीटिंगमध्ये समोर बसलेल्याला सगळ्यात आधी दिसतं आणि बाईला स्वतःला सगळ्यात शेवटी, कारण आरशासमोर आपण ताठ उभ्या असतो. खुर्चीत बसून आरशात बघा. वासत असेल तर आतून एक प्रेस बटण लावून घ्या, दहा मिनिटांचं काम. ब्लाउजलाही तेच, छातीच्या सर्वांत उंच भागावर एक हुक नेमका आलाच पाहिजे, मग वरचे-खालचे हुक त्याच्या हिशेबाने. समान अंतराच्या हौसेने हुक लावणाऱ्या मुलींना मी पहिल्या महिन्यात हेच शिकवते.

पाकिटातून काढलेला शर्ट घडीच्या खुणांसकट घालू नका. इस्त्री नसेल तर निदान रात्री ओल्या हाताने झटकून टांगून ठेवा. व्हिडिओ कॉलवर मुलाखत असेल तर बारीक चौकडी आणि बारीक रेघा टाळा, कॅमेऱ्यात त्या वळवळतात आणि समोरचा तुमचं बोलणं सोडून शर्ट बघत बसतो.

भावाचा सूट शिवलेला असो की तयार, एक गोष्ट तुम्हीच बघा, कारण तो बघणार नाही. नव्या कोटाच्या मागच्या चिरेला फुलीसारखा एक टाका घातलेला असतो, खिसे शिवून बंद केलेले असतात आणि कधी बाहीवर बाहेरून कंपनीचं लेबल टाचलेलं असतं. हे सगळं दुकानापासून घरापर्यंत कोट मोडू नये म्हणून असतं. ते काढायचं असतं! रिसेप्शनला स्टेजवर पाठमोरे उभे राहिलेले किती नवरदेव मी ती फुली मिरवताना पाहिलेत, सांगता सोय नाही. एकदा तर न राहवून मी पर्समधली छोटी कात्री काढली आणि फोटोग्राफरला बाजूला सरकवून ती कापून आले. नवऱ्यामुलाच्या आईला वाटलं मी काही विधी करतेय.

भाड्याची शेरवानी असेल तर खांदा आणि बाहीची लांबी एवढंच बघा, बाकीचं दुपट्टा झाकतो.

तुमच्या ब्लाउजची ट्रायल कशी घ्यायची ते सांगते, कारण 'एकाच गोष्टीवर खर्च' याचा अर्थ माझ्या मते महागडं डिझाइन नसून एक जास्तीची ट्रायल आहे. ज्या साडीवर घालणार ती साडी नसली तरी चालेल, पण लग्नात जे अंतर्वस्त्र घालणार तेच घालून जा. त्याने ब्लाउजचं माप अर्धा इंच इकडेतिकडे होतं, आणि हे कुणी सांगत नाही. मग आरशासमोर नुसतं उभं राहू नका. अक्षता टाकल्यासारखा हात पाच-सहा वेळा वर करा. खाली वाकून नमस्कार करा, गळा समोरून किती उघडतो ते बघा. मांडी घालून बसा आणि उठा. मैत्रिणीला मिठी मारल्यासारखे हात पुढे घ्या, पाठीत चरचरतंय का ते बघा. दुकानात थोडं हसं होईल, होऊ द्या. हे सगळं करून झालं आणि तुमचा हात एकदाही गळ्याकडे, खांद्याकडे किंवा पट्टीकडे गेला नाही, तर ब्लाउज झाला. गेला, तर घरी नेऊ नका. तिथेच टाचणी लावून घ्या.

पदराला सेफ्टी पिन लावताना पिनेत आधी एक बारीक मणी ओवा. मग कापड पिनेच्या वेटोळ्यात अडकून फाटत नाही, आणि पदर जडच्या जड असला तरी खांद्यावर छिद्र पडत नाही. खांद्याच्या आत ब्रेसियरची पट्टी धरून ठेवणारी छोटी लूप शिंप्याला लावायला सांगा. पैसे बहुतेक कुणी मागत नाही, पण मागितल्याशिवाय कुणी लावतही नाही. घामाचा त्रास असेल तर बगलेत अस्तर दुहेरी घ्या, आणि रेशमावर थेट डिओ मारू नका, तो डाग जात नाही.

वेळेचं म्हणाल तर लग्नाच्या तीन आठवडे आधी कापड द्या. लग्नसराईत "आठ दिवसांत देते" म्हणणारी शिवणारीण खोटं बोलतेय, मीसुद्धा. पहिली ट्रायल दहा दिवस आधी, दुसरी चार दिवस आधी. आदल्या दिवशी ट्रायल घेऊन उपयोग नसतो, तेव्हा सगळेच "छान झालाय" म्हणतात.

ऑफिससाठी एकदम पाच कुर्ते घेऊ नका. एक घ्या, नीट बसवून घ्या, आठवडाभर वापरा. हात कुठे कुठे जातात ते बघा. मग त्याच मापाचे आणखी शिवून घ्या.

तुमची साडी कोणती आहे ते प्रश्नात लिहिलं नाहीत. काठ केवढा आहे त्यावर बाही किती लांब ठेवायची ते ठरेल. फोटो पाठवलात तर सांगेन, फक्त सकाळी खिडकीपाशी काढा, ट्यूबलाइटखाली नको. आणि पदराबरोबर ब्लाउजपीसचा काठही दिसू द्या.